ड्रोनवरून धावत्या गोष्टी टिपताना फोकस: एकदा लावा आणि कुलूप घाला

घाटातून उतरणारा सायकलस्वार, त्याच्या बाजूने समांतर चाललेला ड्रोन, ऊन तिरकं आणि स्वच्छ. मोबाइलच्या पडद्यावर सगळं झकास दिसतं. घरी येऊन फाइल मोठ्या पडद्यावर उघडली की सायकलस्वार सॉफ्ट आणि मागचा डोंगर मात्र धारदार. किंवा मध्येच अर्धा सेकंद अख्खं चित्र धूसर होतं, पुन्हा जागेवर येतं, आणि नेमका तोच तुकडा कामाचा असतो.

अशा वेळी पहिला विचार येतो तो ऑटोफोकसला आणखी कामाला लावण्याचा. सतत फोकस चालू ठेवायचा, सब्जेक्टवर पुन्हा पुन्हा बोट टेकवायचं. ड्रोनच्या बाबतीत बहुतेक वेळा याच्या नेमकं उलट करावं लागतं. वाइड लेन्स (मोठा परिसर एका चित्रात घेणारी) असेल तर सब्जेक्ट हलायच्या आधी फोकस एकदाच लावायचा, मॅन्युअलवर टाकायचा आणि शॉट संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. टेली लेन्स (लांबचं जवळ आणणारी) असेल तर फोकसच्या मागे धावण्याऐवजी ड्रोन आणि सब्जेक्ट यांच्यातलं अंतर सांभाळायचं. असं का, ते आकड्यांतून लगेच कळतं.

तुमच्या ड्रोनला फोकस आहे का?

हा प्रश्न आधी सोडवा. डीजेआय कंपनीच्या मिनी २ सारख्या ड्रोनमध्ये फोकस कारखान्यातच पक्का केलेला असतो. १ मीटरच्या पलीकडचं सगळं शार्प येईल अशी रचना असते. अशा ड्रोनवर फोकसची सेटिंग शोधण्यात वेळ घालवू नका. चित्र सॉफ्ट येत असेल तर कारण शटर (एका फ्रेमसाठी उजेड आत घेण्याचा वेळ), घाणेरडी लेन्स किंवा कंपन यांपैकी एक असणार. त्याबद्दल पुढे आहे.

याच कंपनीच्या एअर २एस, मिनी ३ प्रो, मॅव्हिक २ प्रो, मॅव्हिक ३, फँटम ४ प्रो यांच्या लेन्सला मात्र फोकस लावावा लागतो. ओळखायची खूण सोपी: कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक्स्पोजरच्या (चित्रात किती उजेड घ्यायचा त्याच्या) आकड्यांजवळ ‘एएफ’ (ऑटोफोकस) किंवा ‘एमएफ’ (मॅन्युअल फोकस) अशी अक्षरं दिसतात. त्यावर टॅप केलं की एकातून दुसऱ्यात जाता येतं आणि एमएफमध्ये एक पट्टी उघडते. तिच्या एका टोकाला जवळचं, दुसऱ्या टोकाला दूरचं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डीजेआयच्या ॲपमध्ये फोकसट्रॅक नावाची सोय आहे. स्पॉटलाइट, पॉइंट ऑफ इंटरेस्ट आणि ॲक्टिव्हट्रॅक हे तिचे तीन प्रकार. नावात फोकस असला तरी तिचं मुख्य काम सब्जेक्टला फ्रेममध्ये धरून ठेवण्याचं. ती ड्रोन आणि गिंबल (कॅमेरा स्थिर धरून वळवणारी यंत्रणा) वळवते. लेन्सचा फोकस एएफवर आहे की एमएफवर, हे तुम्हालाच वेगळं ठरवावं लागतं. सब्जेक्टभोवती हिरवी चौकट आली म्हणून फोकसही तिथेच बसला, असं धरून चालू नका.

वाइड लेन्सचं गणित

फोकस अमुक एका अंतरावर लावला की त्याच्या पुढचं आणि मागचंही काही अंतर शार्प दिसतं. फोकस अशा अंतरावर लावला की मागची शार्प हद्द थेट क्षितिजाला भिडते, त्या अंतराला हायपरफोकल अंतर म्हणतात. त्यावर फोकस असेल तर त्याच्या निम्म्या अंतरापासून अनंतापर्यंत सगळं शार्प येतं.

ते काढायचं असं: लेन्सच्या खऱ्या फोकल लेंग्थचा (ती जितकी जास्त तितकं लांबचं जवळ दिसतं) वर्ग करायचा, त्याला ॲपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा, आकडा (एफ २.८ मधला २.८; तो मोठा तितकं छिद्र बारीक) आणि डोळ्याला शार्पच वाटेल एवढ्या धूसर ठिपक्याचा व्यास यांच्या गुणाकाराने भागायचं. सगळं मिलिमीटरमध्ये. खरी फोकल लेंग्थ म्हणजे जाहिरातीतला २४ मिमीचा आकडा नव्हे. तो मोठ्या कॅमेऱ्यांतल्या फुल फ्रेम सेन्सरच्या तुलनेतला असतो. मॅव्हिक ३ चा फोर थर्ड्स नावाच्या मापाचा सेन्सर कर्णाच्या हिशेबाने फुल फ्रेमच्या निम्मा, म्हणून लेन्स खरी १२ मिमीच्या आसपास. ठिपक्याचा व्यास जुन्या तक्त्यांत या सेन्सरसाठी ०.०१५ मिमी देतात, पण ४के चित्र मोठ्या पडद्यावर पाहायचं तर तो निम्मा, ०.००७५ धरावा. १२ चा वर्ग १४४, २.८ गुणिले ०.००७५ म्हणजे ०.०२१, भागाकार येतो ६,८५७ मिमी. म्हणजे एफ २.८ वर हायपरफोकल अंतर साधारण ६.९ मीटर.

तेवढाच कडक हिशेब लावला तर एअर २एस चं हेच अंतर साडेचार मीटरच्या आसपास येतं आणि मिनी ३ प्रो चं साडेसहाच्या आसपास.

आता या तिन्ही ड्रोनवर फोकस सरळ १० मीटरवर लावला, तर फार फार तर ४ मीटरपासून पुढचं सगळं शार्प राहतं, डोंगरापर्यंत. सायकलस्वार, ट्रॅक्टर, होडी यांच्या ४ मीटरच्या आत ड्रोन न्यायचा नसतोच. मग सब्जेक्ट ६ मीटरवरून ६० मीटरवर गेला तरी फोकस बदलायची गरजच पडत नाही. ऑटोफोकसला इथे करण्यासारखं काही नाही. तो चालू ठेवला तर फक्त बिघडवू शकतो.

तो बिघडवतो कसा, तेही समजून घ्या. कॅमेरा फोकस शोधतो तो चित्रातल्या कडांवरून. शांत पाणी, धुकं, एकसारखं हिरवं भातशेत, संध्याकाळचं मोकळं आकाश यांत पकडायला ठळक कड नसते. मग लेन्स पुढेमागे होते, शार्पच्या पलीकडे जाते, परत येते. हेच ते हंटिंग. सब्जेक्ट फ्रेममध्ये छोटा असेल तर कॅमेरा त्याच्याऐवजी मागचं ठळक झाड पकडतो. आणि सब्जेक्ट व ड्रोन यांच्यामध्ये एखादी फांदी आली तर फोकस तिच्यावर उडी मारतो. फांदी निघून गेल्यावर परत येईपर्यंत सायकलस्वार वळणापार झालेला असतो.

मग पट्टी सरळ अनंताच्या टोकाला सरकवली तर? नको. बऱ्याच ड्रोनमध्ये ते टोक खऱ्या अनंताच्या थोडं पलीकडे असतं, म्हणजे तिथे डोंगरही पूर्ण शार्प नसतो. लेन्स तापली किंवा गार झाली की शार्प येण्याची जागाही थोडी सरकते. म्हणून पट्टीवरच्या खुणेपेक्षा प्रत्यक्ष वस्तूवर फोकस लावणं केव्हाही भरवशाचं.

१० मीटर मोजायचे कसे

टेप लागत नाही. पडद्यावर होम पॉइंटपासूनचं (ड्रोन जिथून उडाला त्या जागेपासूनचं) आडवं अंतर आणि उंची दिसतेच. शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा: उंची ६, आडवं अंतर ८, तर तिरकं अंतर १०.

एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लावायचा असेल तर ड्रोन चालू करण्यापूर्वीच लावा, म्हणजे गिंबल त्या वजनासकट स्वतःला जुळवून घेतो. फोकसही फिल्टर बसल्यावरच लावायचा. लँडिंग पॅडवरून उडा. ६ मीटर उंचीवर न्या, पॅडकडे तोंड ठेवून मागे सरका, आडवं अंतर ८ दिसलं की थांबा. गिंबल खाली साधारण ३७ अंशांवर आणा, पॅड फ्रेमच्या मधोमध येईल. पॅडची गडद कड किंवा त्यावरचं मोठं अक्षर हे फोकससाठी उत्तम लक्ष्य आहे. पॅड नसेल तर रस्त्यावरचा पांढरा पट्टा, पिशवी, उभी केलेली सायकल, काहीही चालेल. कड ठळक हवी.

एएफ ठेवून त्या कडेवर टॅप करा. फोकस बसला की लगेच एएफवरून एमएफवर जा. मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पीकिंग चालू करा, मध्यम पातळीवर. शार्प कडांवर रंगीत रेघ उमटते. आता पट्टी किंचित एका बाजूला सरकवा, रेघ विरळ होईल. मग दुसऱ्या बाजूला. जिथे ती सगळ्यात दाट दिसते तिथे परत आणून सोडा. पीकिंगची पातळी सगळ्यात वर ठेवलीत तर जरासं सॉफ्ट असलेलंही रंगतं आणि फसगत होते.

डीजेआय आरसी सारख्या रिमोटवर शटरचं बटण अर्धं दाबलं की फोकस लागतो. एएफवर असताना चित्रणात बोट चुकून त्या बटणावर किंवा पडद्यावर टेकलं तर फोकस उडतो. एमएफचं कुलूप यासाठीही हवं. एमएफमध्येही पडद्यावर टॅप केल्याने एक्स्पोजर बदलू शकतं, म्हणून तेही आधीच लॉक करून ठेवा किंवा पूर्ण मॅन्युअल ठेवा.

मग पाच सेकंदांची चाचणी घ्या. पडद्यावर येणारं थेट चित्र ७२० किंवा १०८० ओळींचं असतं. कार्डवर जाणाऱ्या ४के चित्रात १०८० च्या चौपट पिक्सेल असतात. त्यामुळे थेट चित्रात शार्प दिसलं म्हणजे फाइलमध्ये शार्प आहेच, असं होत नाही. काम पैशांचं असेल किंवा क्षण पुन्हा मिळणार नसेल, तर ड्रोन उतरवून ते कार्ड लॅपटॉपवर शंभर टक्के मोठं करून पाहा. पाच मिनिटं जातात, दिवस वाचतो.

बॅटरी बदलली की हे सगळं पुन्हा तपासायचं. ड्रोन बंद होऊन चालू झाला की फोकस परत एएफवर गेलेला असू शकतो. दोन लेन्सच्या ड्रोनमध्ये वाइडवर लावलेला फोकस टेलीला लागू होत नाही. प्रत्येकीचा वेगळा लावावा लागतो.

टेलीवर खेळ बदलतो

एअर ३ ची दुसरी लेन्स फुल फ्रेमच्या हिशेबात ७० मिमीची, एफ २.८. खरी फोकल लेंग्थ १९ मिमीच्या पुढे जाते, आणि वर्ग होत असल्याने हायपरफोकल अंतर एकदम ३३-३४ मीटरवर पोचतं. इथे १० मीटरवर फोकस लावून मोकळं होता येत नाही.

सब्जेक्ट ८ मीटरवर असेल आणि फोकस त्याच्यावर असेल, तर साधारण साडेसहा ते साडेदहा मीटर एवढाच पट्टा शार्प. सायकलस्वाराने दोन पायडल जोरात मारली की तो पट्ट्याबाहेर. तोच सब्जेक्ट २० मीटरवर ठेवा: शार्प पट्टा साडेबारा मीटरपासून ४९ मीटरपर्यंत पसरतो. फोकसला हात न लावता सब्जेक्ट सात मीटर जवळ येऊ शकतो आणि जवळजवळ तीस मीटर लांब जाऊ शकतो. फोकस ३५ मीटरवर असेल तर १७ मीटरपासून क्षितिजापर्यंत.

म्हणून टेली लावून जवळ जाऊ नका. टेलीचं सौंदर्यच लांबून असतं: मागचा डोंगर सब्जेक्टच्या पाठीशी येऊन उभा राहतो, ड्रोनचा आवाज सब्जेक्टला त्रास देत नाही, आणि फोकसचा पट्टा रुंद मिळतो. २० मीटर मोजायला त्रिकोण तोच, दुप्पट: उंची १२, आडवं १६, गिंबल तेच ३७ अंश. मात्र ही उंची टेक-ऑफच्या जागेपासून मोजली जाते. सब्जेक्ट त्या जागेच्या खाली दरीत किंवा वर चढावर असेल तर त्रिकोण चुकतो. तेव्हा सब्जेक्टच्याच पातळीवरच्या वस्तूवर फोकस लावा.

मॅव्हिक ३ ची १६२ मिमीची टेली यापेक्षाही कडक आहे. तिच्यावर ५० मीटरच्या आतल्या धावत्या सब्जेक्टचा नाद सोडलेला बरा.

सतत फोकस, म्हणजे एएफसी, कधी वापरायचा? टेली असेल, सब्जेक्ट थेट ड्रोनच्या दिशेने येत असेल, फ्रेमचा निदान चौथा भाग व्यापत असेल, रंग पार्श्वभूमीपासून उठून दिसत असेल आणि मध्ये आडवं येणारं काही नसेल. या अटी पुऱ्या होत नसतील तर आणखी एक जुनी, खात्रीची पद्धत आहे: वाट पाहायची. वळणावरचा मैलाचा दगड किंवा कठड्याचं टोक निवडा, त्यावर फोकस लावून एमएफ करा, ड्रोन स्थिर ठेवा. सब्जेक्ट धूसरातून येतो, दगडाजवळ आला की शार्प होतो, पुढे जातो. हा शॉट दिसतोही देखणा, कारण शार्प होण्याचा क्षण नेमका तुम्ही ठरवलेला असतो.

कुठल्या हालचालीला किती काळजी

सब्जेक्टभोवती गोल फिरण्यात अंतर कायम राहतं, त्यामुळे फोकसची चिंता जवळजवळ नाही. मागून किंवा बाजूने समांतर जाण्यात अंतर थोडंच बदलतं. सरळ वरून खाली पाहणाऱ्या शॉटमध्ये तर अंतर म्हणजे उंचीच. ती स्थिर ठेवली की झालं. नांगरणीचा ट्रॅक्टर किंवा भातलावणीची रांग अशी टिपताना शेताच्या हिरव्यावर फोकस लावू नका, बांधाच्या कडेवर लावा.

जवळून सुरू करून वर आणि मागे उठत जाणाऱ्या शॉटमध्ये वाइड लेन्स आणि १० मीटरचा फोकस पुरतो, फक्त सुरुवात ४ मीटरच्या पलीकडून करा. सुरुवातीला लेन्ससमोर अगदी जवळ पान किंवा गवत हवं असेल तर ते सॉफ्ट राहू द्या. त्याच्यावर फोकस लावून मग मागे न्यायचा प्रयत्न पट्टीवर बोट ठेवून, रिमोटच्या दोन्ही काड्या सांभाळत, एकट्याने जमणं फार अवघड आहे.

धूसर दिसलं म्हणजे फोकस गेला असं नाही

धावत्या सब्जेक्टच्या सॉफ्ट फुटेजमध्ये फोकसवर खापर फुटतं, पण बऱ्याचदा दोष शटरचा असतो. हिशेब करून पाहा. सायकलस्वाराचा वेग ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५.६ मीटर. शटर १/५० असेल तर एका फ्रेममध्ये तो ११ सेंटिमीटर सरकतो. २४ मिमीच्या लेन्समध्ये १० मीटरवर फ्रेमची रुंदी १५ मीटर. ४के च्या ३,८४० पिक्सेलमध्ये ते बसवलं तर दर मीटरला २५६ पिक्सेल, आणि ११ सेंटिमीटर म्हणजे २८ पिक्सेलचा फराटा. फोकस कितीही अचूक असो, चेहरा ओळखू येणार नाही. १/२०० ला हाच फराटा ७ पिक्सेलवर येतो.

हे झालं ड्रोन जागेवर थांबलेला असताना. ड्रोन त्याच वेगाने बाजूने चालला तर सब्जेक्ट फ्रेममध्ये जवळजवळ स्थिर राहतो, तो शार्प येतो आणि रस्ता वाहतो. बाजूने समांतर जाण्यात जिवंतपणा येतो तो यामुळेच. पडद्यावरचा वेग मीटर प्रति सेकंदात ठेवा. २० किमीच्या सायकलला ५.६, ३० किमीच्या दुचाकीला ८.३.

म्हणून शटरचा नियम सब्जेक्टनुसार वाकवा. ड्रोन सोबत चालत असेल तर फ्रेम रेटच्या (सेकंदाला जितक्या फ्रेम त्याच्या) दुप्पट, म्हणजे २५ फ्रेमला १/५० आणि ५० फ्रेमला १/१००. सब्जेक्ट फ्रेम आडवी कापत जात असेल तर १/१०० ते १/२००. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. रात्रीच्या दिव्यांखाली २५ किंवा ५० फ्रेम आणि १/५० किंवा १/१०० ठेवलं तर दिव्यांची थरथर दिसत नाही.

भर दुपारच्या स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० आणि एफ २.८ ला शटर १/३२०० च्या आसपास जातं. ते १/५० वर आणायला एनडी ६४, १/१०० ला एनडी ३२, १/२०० ला एनडी १६. एफ १.७ च्या मिनी ३ प्रो ला १/५० साठी एनडी १२८ आणि २५६ यांच्या मधलं काहीतरी लागेल; दोन्हींपैकी एक लावा आणि शटर थोडं हलवा.

ॲपर्चर बदलता येणाऱ्या ड्रोनवर, म्हणजे मॅव्हिक ३, मॅव्हिक २ प्रो किंवा फँटम ४ प्रो वर, एनडी विसरल्यावर एफ ११ करून उजेड कमी करायचा मोह होतो. करू नका. छिद्र बारीक झालं की प्रकाश कडांवर पसरतो. एफ ५.६ ला एका बिंदूचा पसरट ठिपका साडेसात मायक्रॉनचा, म्हणजे ०.००७५ मिमीचा, होतो. वर मॅव्हिक ३ साठी आपण चालवून घेतलेली हद्द नेमकी तेवढीच. एफ ११ ला तो १५ मायक्रॉनच्या जवळ जातो आणि फोकस बिनचूक असूनही अख्खं चित्र सॉफ्ट येतं. एफ ४ सगळ्यात सोयीचं, एफ ५.६ च्या पुढे जाऊ नका.

घाट आणि समुद्र

घाटात दोन अडचणी: झाडांच्या फांद्या आणि उजेड-सावली. फोकस १० मीटरच्या हिशेबाने कुलूपबंद असेल तर फांद्या आल्या तरी काही बिघडत नाही. एक्स्पोजरही उन्हातल्या रस्त्यावर बेतून लॉक करा, नाहीतर सावलीत शिरताच चित्र उजळतं, बाहेर पडताच पांढरं पडतं. शॉटची रेषा आधी ड्रोन सावकाश नेऊन पाहून घ्या. विजेच्या तारा पडद्यावर शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत, आणि बाजूने उडताना समोरचा सेन्सर उपयोगाचा नसतो.

समुद्रात होडी टिपताना पाण्यावर टॅप केलं तर हंटिंग ठरलेलंच. होडीवर रंगवलेला नोंदणी क्रमांक किंवा काठाची रंगीत पट्टी पकडा, एमएफ करा आणि मगच होडीला निघायला सांगा. पाण्यावर ५ मीटरच्या खाली उतरू नका. लाटा आणि चमक यांमुळे खालचे सेन्सर फसतात आणि ड्रोनची उंची हलते. होडीवरून उडाला असाल तर लक्षात ठेवा: होम पॉइंट जिथून उडालात तिथेच पाण्यावर राहिलेला असतो. रिटर्न टू होम दाबलं तर ड्रोन तिथे उतरेल. होम पॉइंट रिमोटच्या जागेवर अपडेट करत राहा.

उडण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशावर जागा पाहून घ्या. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या भागात, मर्यादा साधारण ४०० फूट, म्हणजे १२० मीटर; विमानतळाच्या आसपास त्याहून कमी. बैलजोडी किंवा घोडा टिपायचा असेल तर टेली आणि लांबून. जनावर आवाजाला बुजलं तर त्याच्या मागच्या माणसाचा जीव धोक्यात येतो.

फाइल पाहून दोष ओळखणं

एक फ्रेम थांबवा आणि मोठी करा.

सब्जेक्ट सॉफ्ट, पण पुढचं किंवा मागचं काहीतरी शार्प आहे: फोकस चुकीच्या अंतरावर बसला.

सब्जेक्ट एकाच दिशेने फराटल्यासारखा, थांबलेल्या गोष्टी शार्प: शटर मंद.

चित्र श्वास घेतल्यासारखं आतबाहेर होतं: एएफ चालू राहिला.

सगळंच सारखं सॉफ्ट, दिशा नाही, ड्रोन स्थिर असतानाही तसंच: फोकस अनंताच्या पलीकडे गेलाय, ॲपर्चर फार बारीक आहे, किंवा लेन्सवर काहीतरी आहे. उन्हाकडे वळताच चित्रावर पांढुरकी झाक पसरत असेल तर लेन्सच.

सरळ रेषा लाटेसारख्या डुलतात: कंपन. पंख्याची पाती पाहा. कडेला नखाएवढा चरा असला तरी जोडीने बदला.

थांबलेली फ्रेम शार्प, पण झाडी आणि पाणी खळीसारखं चिकट दिसतं: फोकस ठीक आहे, बिटरेट (दर सेकंदाला साठवली जाणारी माहिती) कमी पडला. ॲपमधला सगळ्यात वरचा पर्याय निवडा.

लॉग प्रोफाइलमधलं (रंग नंतर चढवायचे म्हणून मुद्दाम फिकट टिपलेलं) चित्र मुळातच फिकट असतं आणि फिकट चित्र सॉफ्ट भासतं. रंग चढवल्याशिवाय निकाल देऊ नका.

पावसाळ्यात एसी गाडीतून ड्रोन काढला की लेन्सवर, कधी तिच्या आतल्या बाजूलाही, बाष्प धरतं. ते पुसून जात नाही. बॅग उघडी करून दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवा आणि मगच फोकस लावा.

समुद्रावरून आल्यावर लेन्सवर मिठाचा पातळ थर असतोच, डोळ्यांना दिसला नाही तरी. कोरड्या कापडाने घासू नका. मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअरने फुंका, मग साध्या पाण्याने किंचित ओलसर केलेलं मायक्रोफायबर अलगद टेकवून मीठ विरघळू द्या, आणि शेवटी कोरड्या कोपऱ्याने मधून बाहेर गोल फिरवत पुसा. फिल्टरच्या दोन्ही बाजूंनाही हेच, आणि हे त्याच दिवशी.